अणुभट्टीचे जोड कमी झाले, दुरुस्तीचे काय?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच छोट्या भट्ट्या चालू करायच्या, असे उद्दिष्ट ठेवले गेले. पुढे सरकारने संसदेत सांगितले की, २०० मेगावॅट आणि ५५ मेगावॅट अशा दोन आकारांच्या पहिल्या भट्ट्या तारापूरला उभारण्याचा प्रस्ताव आहे. भिवंडीच्या लूमवाल्याला तारापूर परके नाही. २०१४ पर्यंत दोन्ही ठिकाणे एकाच ठाणे जिल्ह्यात होती. शिवाय ज्याचा धंदा विजेशिवाय तासभरही चालत नाही, त्याला वीज कशी तयार होते आणि तिचा भाव कोण ठरवतो, याच्याशी देणेघेणे नाही असे म्हणून चालणार नाही.

छोट्या अणुभट्ट्यांची जाहिरात सध्या जगभर जोरात आहे. त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे ज्याला ‘इंटिग्रल’ भट्टी म्हणतात तो. सगळी मुख्य यंत्रे एकाच पोलादी पात्रात बसवलेली, पाण्याने थंड होणारी भट्टी. तिच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : मोठा पाइप फुटण्याचा अपघात या भट्टीत होऊच शकत नाही. विकणाऱ्याचे वाक्य तपासून घेण्याची सवय आपल्या व्यापारी बंधूंना असतेच. हेही तपासून पाहू. माझे मत आधीच सांगतो. वाक्य खरे आहे, पण एवढ्यावर सौदा करू नये.

नेहमीच्या दाबाच्या पाण्याच्या भट्टीची मांडणी आधी समजून घेऊ. सायझिंगचा बॉयलर ज्याने पाहिला आहे, त्याला ती समजायला फार वेळ लागणार नाही. एका जाड पोलादी पात्रात युरेनियमचे इंधन असते. त्यातून पाणी फिरते आणि तापते. हे पाणी तीनशे अंशांच्या वर जाते, तरी उकळत नाही, कारण त्यावर हवेच्या दाबाच्या दीडशे पट दाब ठेवलेला असतो. आपला सायझिंगचा बॉयलर दहा किलोच्या आसपास चालतो, यावरून अंदाज यावा. हे तापलेले पाणी पात्राबाहेर मोठ्या पाइपांतून स्टीम जनरेटरमध्ये जाते. तिथे हजारो बारीक नळ्यांमधून ते आपली उष्णता दुसऱ्या, स्वच्छ पाण्याला देते. त्या दुसऱ्या पाण्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. पहिले पाणी पंपाने पुन्हा पात्रात ढकलले जाते. म्हणजे एक पात्र, दोन ते चार स्टीम जनरेटर, तितके किंवा जास्त पंप, दाब सांभाळणारी एक वेगळी टाकी, आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप. पाइपही असे तसे नव्हेत. पाऊण मीटरच्या आसपास व्यासाचे, म्हणजे माणूस आत रांगत जाईल एवढे.

आता कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा की गळती कुठे होते. तो पत्र्याच्या मधोमध बोट ठेवणार नाही. जोडावर ठेवील, फ्लँजवर, वाकणावर, वेल्डवर ठेवील. अणुभट्टीच्या आराखडाकारांनाही पहिल्यापासून हीच भीती होती. मोठा पाइप एका झटक्यात तुटला, तर दाबाखालचे सगळे पाणी काही सेकंदांत वाफ होऊन बाहेर येईल आणि इंधन कोरडे पडेल. या एका भीतीपोटी नेहमीच्या भट्टीत तातडीचे पंप, पाण्याच्या टाक्या, डिझेल जनरेटर आणि भलीमोठी काँक्रीटची इमारत उभारावी लागते.

इंटिग्रल भट्टीने हा प्रश्न सोडवला तो पाइपच काढून टाकून. स्टीम जनरेटर पात्राच्या आतच, इंधनाच्या वर, कडेने गुंडाळून बसवले. दाब सांभाळण्याची जागा पात्राच्याच डोक्यात केली. काही आराखड्यांत पंप पात्राला बाहेरून चिकटवले, काहींत पंपच ठेवले नाहीत. पात्रातून बाहेर येतात त्या काही सेंटीमीटरच्या नळ्या. जो पाइप नाही तो फुटणार नाही. हे कारागिराला पटणारे साधे शहाणपण आहे आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. आणखी दोन फायदेही आहेत. पात्र मोठे असल्याने, निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या मानाने आत पाणी जास्त मावते, त्यामुळे काही बिघडले तर गोष्टी सावकाश बिघडतात, माणसाला विचार करायला वेळ मिळतो. दुसरे असे की, इंधन आणि पात्राची भिंत यांच्यामध्ये पाण्याचा जाड थर राहतो. त्यामुळे किरणांचा मारा भिंतीवर कमी होतो आणि पोलाद ठिसूळ होण्याचा वेग मंदावतो.

ही कल्पना आजची नाही. जर्मनीचे ‘ओट्टो हान’ नावाचे मालवाहू जहाज १९६४ मध्ये पाण्यात उतरले आणि १९६८ पासून अणुशक्तीवर चालले. त्यात ३८ मेगावॅट उष्णता देणारी अशीच भट्टी होती, स्टीम जनरेटर पात्राच्या आत असलेली. दहा वर्षांत जहाजाने साडेसहा लाख सागरी मैलांच्या आसपास प्रवास केला. भट्टीने दगा दिला नाही. पण अनेक बंदरांनी जहाजाला आत घेतले नाही, सुवेझ कालव्यातून जायची परवानगी मिळाली नाही, आणि खर्चाच्या हिशेबात ते डिझेल जहाजापुढे टिकले नाही. १९७९ मध्ये भट्टी बंद केली, नंतर काढून तिथे डिझेल इंजिन बसवले. यंत्र चांगले आणि धंदा बुडीत, असा प्रकार आपण आपल्याही बाजारात पाहतो. असो.

मोठ्या पाइपची भीती गेली, हे मान्य. पण आजवरचे मोठे अपघात त्या भीतीतून झाले का, हे पाहिले पाहिजे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या भट्टीत इंधनाचा मोठा भाग वितळला. तिथे कोणताही मोठा पाइप फुटला नव्हता. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत बसला नाही. फलकावरच्या दिव्यावरून तो बंद झाला आहे असा समज झाला. पाणी पुरेसे आहे असे समजून कामगारांनी तातडीचे पाणी स्वतःच कमी केले. त्याआधी चार वर्षे, १९७५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या सरकारी अभ्यासाने हेच सांगितले होते की, मोठ्या फुटीपेक्षा छोटी गळती आणि किरकोळ वाटणारे बिघाड यांतून जास्त धोका आहे. इंटिग्रल भट्टीतही व्हॉल्व्ह आहेत, छोट्या नळ्या आहेत, दिवे आहेत आणि फलकापुढे बसलेला माणूस आहे.

फुकुशिमात, ११ मार्च २०११ रोजी, आधी भूकंपाने बाहेरची वीज गेली. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि पंप थांबले. येथे अणुभट्टीचा एक विचित्र स्वभाव सांगणे भाग आहे. कोळशाच्या बॉयलरची आग बाहेर ओढता येते. अणुभट्टी बंद केली तरी इंधन आपल्याआप तापत राहते. बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, एका दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का. टक्के लहान वाटतात, पण ३००० मेगावॅट उष्णतेच्या मोठ्या भट्टीत दिवसभरानंतरचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट. एक हॉर्सपॉवरच्या मोटरीने मोजले तर वीस हजार लूमची शक्ती, आणि ती सगळी उष्णता बनून एका पात्रात साठत असते. १०० मेगावॅट उष्णतेच्या छोट्या भट्टीत हाच अर्धा टक्का म्हणजे अर्धा मेगावॅट, साडेसहाशे-पावणेसातशे लूम.

छोट्या भट्टीची खरी जमेची बाजू माझ्या मते इथे आहे, पाइपमध्ये नाही. एवढी उष्णता पंपाशिवाय काढता येते. गरम पाणी वर जाते, थंड पाणी खाली येते, आणि पात्र उंच व आतला मार्ग मोकळा असला की पाणी आपोआप फिरत राहते. अर्जेंटिनाच्या ‘कारेम’ भट्टीत नेहमीच्या कामातही पंप नाही. बारा छोटे स्टीम जनरेटर पात्रात गोल बसवलेले आणि पाणी आपल्या वजनाने फिरते. वीज गेली आणि कोणी हात लावला नाही, तरी दीड दिवस भट्टी सांभाळली जाईल, असा तिचा हिशेब आहे. अमेरिकेच्या ‘नूस्केल’ भट्टीत तर सगळे पात्र दुसऱ्या पोलादी पात्रात घालून जमिनीखालच्या पाण्याच्या हौदात बुडवलेले असते. विजेवाचून हवा तितका काळ ती थंड राहील, असा बनवणाऱ्यांचा दावा आहे.

मग अडचण कुठे आहे? आपल्या तारापूरचाच जुना अनुभव सांगतो. तारापूरची पहिली जोडी १९६९ मध्ये सुरू झाली. त्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या, पात्रातच वाफ करणाऱ्या. पण त्यांना जोडीला बाहेर वेगळे स्टीम जनरेटरही होते. त्यांच्या नळ्या गळू लागल्या. १९८० च्या दशकात ते जनरेटर वापरातून काढले गेले आणि प्रत्येक भट्टीची क्षमता २१० मेगावॅटवरून १६० वर आणली गेली. नुकसान झाले, पण भट्ट्या पुढे अनेक दशके चालल्या. हे जमले, कारण बिघडलेली वस्तू पात्राबाहेर होती. २०२० पासून या जोडीला दीर्घकाळ बंद ठेवून पाण्याचे मोठे पाइप बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. तेही पाइप बाहेर होते, माणूस तिथवर पोचू शकत होता.

स्टीम जनरेटरच्या नळ्या हा या धंद्यातला सगळ्यांत दुखरा भाग. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्रात २०१० आणि २०११ मध्ये कोरे करकरीत स्टीम जनरेटर बसवले. जानेवारी २०१२ मध्ये एक नळी गळली. तपासणीत तीन हजारांवर नळ्या घासून पातळ झालेल्या सापडल्या, कारण त्या आतल्या प्रवाहात थरथरत होत्या. जून २०१३ मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. बाहेर असलेल्या, सहज तपासता येणाऱ्या जनरेटरची ही गत.

इंटिग्रल भट्टीत याच नळ्या पात्राच्या आत जातात. बऱ्याच आराखड्यांत त्या स्प्रिंगसारख्या वळवलेल्या असतात. त्यांच्या आतून तपासणीचा सुया-तारांचा सरंजाम सरकवणे सरळ नळीपेक्षा कठीण. पात्र उघडायचे तर इंधन बदलण्याची वेळ यावी लागते. बनवणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे : दाबाचे पाणी नळीच्या बाहेरून असल्याने नळी फुगत नाही, दाबली जाते, म्हणून तडा उघडण्याचा धोका कमी, आणि गळणारा एक जनरेटर बंद करून बाकीच्यांवर भट्टी चालवता येते. यात तथ्य आहे. पण कागदावर तथ्य असणे वेगळे आणि वीस वर्षे चाललेल्या नळ्या काढून दाखवणे वेगळे. नूस्केलच्या आराखड्याची अमेरिकी नियामकांनी कसून तपासणी केली. २०२० च्या अहवालात तीन गोष्टी पूर्ण सुटलेल्या नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. त्यातली एक म्हणजे स्टीम जनरेटरच्या नळ्यांतला प्रवाह हेलकावे खाऊन नळ्यांना त्रास देईल का, ही.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी पुढे आली. ती मला फार बोलकी वाटते. भट्टीचा वेग आवरण्यासाठी पाण्यात बोरॉन विरघळवतात. अपघातात ते पाणी उकळले की वाफेबरोबर बोरॉन जात नाही, मागे राहते. वाफ थंड होऊन जे पाणी बनते ते निव्वळ कोरे. असे कोरे पाणी पात्रात एका बाजूला साचले आणि एकदम इंधनाकडे गेले, तर बंद झालेली भट्टी पुन्हा पेट घेऊ शकते. नियामकांच्या सल्लागार समितीने याकडे बोट दाखवले आणि कंपनीला आतल्या नळकांड्याला छिद्रे ठेवण्याचा बदल करावा लागला. जे पाणी पंपाशिवाय फिरते म्हणून कौतुक, त्याच पाण्याच्या वाटेत हा प्रश्न दडलेला होता. अर्जेंटिनाची भट्टी पाण्यात बोरॉन घालतच नाही, हा दुसरा मार्ग. पुढे जानेवारी २०२३ मध्ये नूस्केलच्या ५० मेगावॅटच्या आराखड्याला मान्यता मिळाली आणि मे २०२५ मध्ये सुधारित ७७ मेगावॅटच्या आराखड्यालाही. तपासणी कडक होती म्हणून दोष कागदावरच सापडला. आपल्याकडे ती तितकीच कडक आणि उघडी असावी, एवढेच मागणे आहे.

आता भावाचे बोलू. युटाह भागातल्या नगरपालिका वीज संस्थांनी नूस्केलच्या सहा भट्ट्या, एकूण ४६२ मेगावॅट, घ्यायचे ठरवले होते. सुरुवातीला एक हजार युनिटला ५८ डॉलर सांगितलेला भाव जानेवारी २०२३ मध्ये ८९ डॉलरवर गेला, तोही सरकारी सवलत धरून. त्या वेळच्या विनिमय दराने युनिटला सव्वासात रुपयांच्या आसपास, आणि हा केंद्राच्या दारातला भाव, तारांचा व गळतीचा खर्च वेगळा. उभारणीचा अंदाज ९३० कोटी डॉलरवर पोचला. पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला.

आखाताची आपल्या कोकणातल्या घराघरांत ये-जा आहे म्हणून तिकडचेही सांगतो. कोरियाची ‘स्मार्ट’ ही इंटिग्रल भट्टी ३३० मेगावॅट उष्णतेची, स्टीम जनरेटर आठ. वीज आणि समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला ४० हजार टन गोडे पाणी असा दुहेरी हेतू. जुलै २०१२ मध्ये तिला कोरियात मान्यता मिळाली, २०१५ मध्ये सौदी अरेबियाने कोरियाशी करार केला, आराखड्याचे काम झाले, पण तिथे भट्टी उभी राहिली नाही. कारेमची कल्पना १९८४ मध्ये पेरूच्या लिमा शहरात मांडली गेली आणि बांधकाम फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्जेंटिनातल्या लिमा नावाच्याच गावाजवळ सुरू झाले. मध्ये तीस वर्षे, आणि नंतरही पैशांअभावी काम पुन्हा पुन्हा थांबले. चीनने मात्र हैनान बेटावर १२५ मेगावॅटची भट्टी जुलै २०२१ मध्ये बांधायला घेतली आणि रेंगाळत ठेवली नाही. रशियाने अशा भट्ट्या बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर बसवल्या, त्यातले ‘आर्क्तिका’ २०२० मध्ये कामाला लागले. ज्यांच्यामागे सरकारची तिजोरी उघडी, त्यांचीच भट्टी पुढे गेली, हे यातून दिसते. आपल्याकडेही तिजोरी सरकारचीच आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या कराची.

छोट्या भट्टीच्या नावाखाली आणखी एक मागणी हळूच पुढे येते. नेहमीच्या भट्टीभोवती सोळा किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या तयारीसाठी धरतात. अमेरिकेत छोट्या भट्टीसाठी हा टापू कुंपणापर्यंत आणण्याची पद्धत नियामकांनी २०२२ मध्ये मान्य केली. म्हणजे भट्टी कारखान्याच्या भिंतीला लागून उभारता येईल. उद्योगाच्या दृष्टीने यात मोह आहे, मी नाकारत नाही. पण पहिल्या भट्टीला ही सवलत देऊ नये. तारापूरला पहिली भट्टी चालू द्या, इंधन बदलायला पात्र उघडू द्या, नळ्यांच्या तपासणीचे आकडे छापून येऊ द्या, मग टापूचे बोला. जैतापूरच्या मोठ्या भट्ट्यांना साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला, एप्रिल २०११ मध्ये तिथे पोलिस गोळीबारात एकाचा जीव गेला. ‘सुरक्षित आहे’ हे शब्द तिथे लोकांनी भरपूर ऐकले होते. कमी होते ते तपासता येणारे कागद.

आमच्या वर्कशॉपवाल्या बंधूंसाठीही यात एक बातमी आहे, फारशी गोड नाही. मोठ्या केंद्राच्या बांधकामावर वेल्डर, फिटर, पाइपवाले यांना वर्षानुवर्षे काम मिळते. इंटिग्रल भट्टीत पाइपच कमी, आणि पात्र तयार होऊन येते ते मोठ्या कारखान्यातून. साइटवरचे काम घटणार. उरते ते व्हॉल्व्ह, फ्लँज, आधाराचे सांगाडे, केबलचे मार्ग अशा सुट्या मालाचे. तो माल घेताना खरेदीदार वेल्ड जितका पाहतो तितकाच त्यामागचा कागद पाहतो : वेल्डरचे प्रमाणपत्र, रॉडचा बॅच नंबर, एक्स-रेची फिल्म, पोलादाचा दाखला. हात उत्तम आणि वही कोरी, अशा वर्कशॉपला ही ऑर्डर मिळणार नाही. ज्यांची उमेद असेल त्यांनी वही आजपासून भरावी.

आणि तारापूरच्या नव्या भट्ट्यांची जनसुनावणी लागेल तेव्हा भिवंडी, पालघर, बोईसरच्या कारखानदार संघटनांनी घोषणा देण्याऐवजी एक प्रश्न लेखी द्यावा. स्टीम जनरेटरची नळी गळली, तर ती कोण, कुठून शिरून, किती दिवसांत बंद करणार, त्या कामगाराला किती किरणे लागतील, आणि भट्टी तेवढे दिवस बंद राहिली तर त्याचा भार विजेच्या कोणत्या बिलात चढणार?